कुरणाचं नाणं

वनरक्षक देवाजी जंगलातून फोन करायचे, तेव्हा ठरवून दिलेला जागेचा क्रमांक कधीच सांगायचे नाहीत. "लिहा बाबूजी, चितळ शेवंताबाईच्या वावरात चरून राहिले. वाघीण किसनदादाच्या बांधावर." नागपूरच्या कार्यालयात बसून नोंदी करणारा मी कारकून वैतागायचो. तिथं ना शेवंताबाई होती, ना वावर. अख्खं गाव उठून जंगलाबाहेर वसलं होतं आणि शेतांचं कुरण झालं होतं.

ते गाव देवाजींचंच, हे मला फार उशिरा कळलं. जनावरांना रान मोकळं करायचं तर गाव हलायला हवं, हे त्यांनीच घरोघर जाऊन पटवलं होतं. सगळे निघाले. थोरला भाऊ किसनही निघाला, पण त्या दिवसापासून त्यानं देवाजींशी बोलणं टाकलं. "काहून बोलावं त्यानं?" देवाजी म्हणायचे. "मी बरोबरच केलं. पण त्याचं घर तं गेलं ना." स्वतःची बाजूही धड न मांडणाऱ्या या माणसाचा मला राग यायचा, आणि त्यामुळेच ते आवडायचेही.

निवृत्तीला आम्ही त्यांना वन्यजीव संवर्धनाचं चांदीचं स्मृतिनाणं दिलं. त्यावर उंच गवतात उभा वाघ. अंगावरच्या शालीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "दादाले दाखवतो," ते म्हणाले. "एकट्यानं जायाची हिंमत नाही. तुमी चलता?"

किसनदादा नव्या घराच्या ओट्यावर दोर वळत बसले होते. देवाजींनी डबी उघडून पुढे ठेवली. दादांनी नाणं उलटसुलट पाहिलं.

"वाघ हाये, गवत हाये," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "आमचं गाव नाही यात."

मी काहीतरी सरकारी बोलणार होतो. देवाजींनी माझा हात दाबला.

"नाही यात, दादा. गाव माह्या सांगण्यानं उठलं. कुरण चांगलं झालं, मले रोज दिसे. अन् रोज तुहं घर बी दिसे."

घर रोज दिसतं, हे इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याजवळही काढलं नव्हतं. दादांनी दोराला आणखी एक पीळ दिला. मग मान न वळवता आत बायकोला म्हणाले, "याले जेवाले वाढ वं. पानी दे पयले."

परतताना मी देवाजींना नागपुरात हुडकेश्वरला त्यांच्या घरी सोडलं. उतरताना ते डोळे पुसत म्हणाले, "माह्याशी नाही बोलला, बाबूजी. पण माह्यासाठी तं बोलला."