दादाजीचे न दुखणारे दात

नागभीडच्या बँडपार्टीत दादाजी क्लॅरिनेट वाजवायचा, आणि त्याच्या कानाला अख्खी पार्टी टरकून असायची. वरातीच्या धुमाळीत, फटाक्यांच्या आवाजातसुद्धा कोण अर्ध्या सुरानं उतरलं ते त्याला कळायचं. मग वाद्य खाली घेऊन तो मागं वळून बघायचा. "शिव्या दे, पण असा पाहू नको भाऊ," असं ढोलवाला लटारू म्हणे.

कानाइतकाच दादाजीला दातांचा तोरा. चाळिशी उलटली तरी एकही दात किडलेला नव्हता. सुपारी फोडायला त्याला अडकित्ता लागत नसे. बायको सुगंधाबाईच्या मात्र दोन दाढा किडून गेलेल्या, समोरचे दात एकावर एक चढलेले. "तुह्या तोंडात तं बाजार भरला हाय," असं तो चिडवायचा. ती कडुलिंबाच्या काडीचं टोक चावून मऊ करायची आणि हिरडीच्या कडेकडेनं निवांत फिरवत बसायची. सकाळी एकदा, निजायच्या आधी एकदा.

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात दादाजीच्या चुळीत रक्त दिसलं. ब्रश लावला की रक्त येतं, म्हणजे ब्रशच टोचतो, असा सरळ हिशोब करून त्यानं ब्रश फेकून दिला. रक्त थांबेना, तेव्हा बाजारातून तंबाखूचं काळं मंजन आणलं. पंधरा दिवसांत रक्त बंद! मग काय, दादाजी गावोगावच्या मांडवात त्या मंजनाची महती गाऊ लागला. मंजनवाल्यानं पगार देऊन माणूस ठेवला असता तरी एवढा प्रचार झाला नसता.

पुढं सुगंधाबाई बोलताना तोंड वळवू लागली. त्याला वाटलं, रुसली. आरशात दात लांब दिसू लागले.

"पाय, या वयात दात वाढून राह्यले माहे," तो छाती काढून म्हणाला.

"वाढून राह्यले का सुटून राह्यले?" ती म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. ज्या कानाला अर्धा सूर कळायचा, त्या कानाला बायको कधी ऐकू यायची नाही.

शहाऐंशी साली गावातल्या रामाजीच्या मुलीच्या लग्नात व्हायचं ते झालं. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवून धरावं लागतं. दादाजीनं टेकवलं, फुंकलं, आणि सूर थरथरला. त्यानं वाद्याच्या तोंडाची वेताची पत्ती बदलली. पुन्हा तेच. नागपूरच्या पत्तीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून तिसरी लावली, तर डुकराचं पिल्लू धरल्यासारखी किंकाळी निघाली. मांडव हसला. लटारूनं ढोल थांबवून दादाजीकडं नुसतं पाहिलं.

घरी आल्यावर सुगंधाबाईनं त्याला उजेडात बसवलं. "तोंड उघडा." तिनं समोरच्या दाताला बोट लावलं. दात हलला. शेजारचाही हलला.

"पण दुखत नाई ना मले! दुखत नाई तं रोग कशाचा?"

"चांदाले चला. तिथी सांगतीन."

चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून सगळं तोंड तपासलं. "दात छान आहेत हो तुमचे. एकही किडलेला नाही."

दादाजीनं विजयी मुद्रेनं बायकोकडं बघितलं.

"पण हिरड्या गेल्या आहेत. समोरचे दोन काढावे लागतील."

मग बाईंनी समजावलं. दात वाढले नव्हते, हिरडी मागं सरली होती. दाताच्या मुळाशी घाण साचून तिचं किटण झालं होतं, त्यानं आतलं हाड खाल्लं. हा रोग बहुतेक वेळा दुखत नाही. रक्त, सूज, वास हीच त्याची हाक. "रक्त येत होतं तिथंच मऊ ब्रश हळू फिरवायचा होता, आणि लगेच दाखवायचं होतं. तुम्ही ब्रश सोडलात. तंबाखूनं रक्त दाबलं, रोग आत वाढला."

जाता जाता त्यांनी सुगंधाबाईचंही तोंड पाहिलं. "यांच्या हिरड्या बघा. घट्ट, गुलाबी. अशा हव्यात."

"हिचे दात तं वाकडे हायत!" दादाजी कळवळून म्हणाला.

"वाकडे आहेत, पण जागेवर आहेत."

दोन दात गेले. उरलेले दात तीन खेपांत साफ झाले, तंबाखू सुटला. दोन महिने क्लॅरिनेट खुंटीला होतं. मग वरचा ओठ आत दुमडून, त्यावर वाद्य टेकवून दादाजी पहिल्यापासून शिकला. ओठ सोलून निघाला, पण सूर आला. जरा मऊ, जरा ओला. लोक म्हणाले, "आता कुठी दर्द आला वाजवण्यात." वीस वर्षांच्या मेहनतीचा एवढा अपमान त्याचा कुणी केला नव्हता.

त्यानं पार्टीतल्या एकेकाला हिरड्या दाखवायला लावलं. लटारूच्या सुजून लालभडक होत्या.

"माह्या हिरडीतून रक्त येत नाई भाऊ. तू सांगितलं तेच मंजन लावतो मी."

दादाजीनं एकेकाला विचारलं. त्यानं मोजलं, तर पार्टीतले सहाजण तेच मंजन लावत होते. पाचजणांना समजावणं जमलं. लटारू चारदा चंद्रपूरला यायला कबूल झाला आणि चारदा त्याची गाडी चुकली. पाचव्यांदा दादाजी गाडीच्या दोन तास आधीच त्याच्या ओसरीवर जाऊन बसला आणि त्याला धरून घेऊन गेला.

लटारूचे सगळे दात वाचले. त्यानं दादाजीचे आभार काही मानले नाहीत. आपल्या घराण्यात दात मुळातच मजबूत, असं तो सांगत फिरतो.