पाय दाखवायचा कसा

मायाक्का आन मी भवानी पेठेत एकाच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवतो. माझी मशीन खिडकीपाशी, तिची शेजारी. बाई मूळची सांगोल्याकडची, मेंढरांमागं वाढलेली. नवरा गेल्यावर मशीनचं पायडल मारमारूनच तिनं पोरीला शिकवलं, नांदायला धाडलं. आता एकटीच ऱ्हाती. पाय हाय तवर भाकर हाय.

मागच्या वर्षी तिच्या हातावर फिकट चट्टा आला. तसलाच मोठा पायावर, घोट्याखाली. चालता चालता चप्पल गळून पडायची आन ही बया तशीच पुढं! "अय्यो, अनवाणी कुटं निघालीस?" मी वरडायची. ती हसायची.

शेवटी मीच तिला वढत पेठेतल्या दवाखान्यात नेलं. तितं कातड्याचा डॉक्टर बसत न्हाय, तो मोबाईलवर येतो. प्रियंका सिस्टरनं फोन लावून दिला. डॉक्टर तरणा, गोड बोलणारा. "मावशी, जेवलात का?" म्हणाला. झालं, मायाक्का तितंच विरघळली. त्यानं हात नीट बघितला, मग विचारलं, "आणखी कुठं चट्टा आहे का?"

मी तिच्या पायाकडं बोट केलं. तिनं लुगडं खाली वढलं आन म्हणाली, "न्हाय साहेब, कुटंच न्हाय." मी बोलायच्या आत फोन बंद.

भाईर आल्यावर मी तिला लई फाडफाड बोलले. तर म्हणती, "सुंदरम्मा, त्या फोनमदी त्येचं तोंड हाय की! तितं पाय न्यायचा म्हंजी त्येच्या तोंडाला पाय लावायचा. इतका देवमाणूस, जेवलीस का इचारतो. मला न्हाय जमायचं."

म्हंजी आजार म्हशीला आन इंजेक्शन पखालीला! हाताला बुरशीचं मलम मिळालं, पाय तसाच. नंतर तिला दवाखान्याकडनं फोन आला, तपासणीनं समाधान झालं का? "लई समाधान," म्हणाली. पाचपैकी पाच मार्क दिले. खोटं न्हवती बोलत. खरंच सुखावली होती. हितं तिला कोण विचारतंय, जेवलीस का म्हणून?

उन्हाळ्यात तिचा पाय घसटायला लागला. पायडल कुटं हाय ते वाकून बघावं लागायचं, शिलाई वाकडी जायची, मुकादम शिव्या द्यायचा. मग एकदा शेगडीचा चटका बसून पायाला फोड आला, फुटला, तिला पत्ताच न्हाय. फरशीवरचे डाग बघून मीच किंचाळले.

तशीच रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेली. तितला म्हातारा डॉक्टर स्टुलावर बसला आन तिचा पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतला. "अगाई, पाप लागंल मला!" म्हणत ती पाय वढायला लागली. त्यानं सोडला न्हाय.

"मावशी, डोळे मिटा. टोचलं की सांगा."

तिनं डोळे गच्च मिटले, पदर दातात धरला. त्यानं टाचणी घोट्याखाली टोचली, मग अंगठ्याला, मग तळव्याला. माझ्याच अंगावर काटा आला. मायाक्का गप.

डॉक्टर माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "कुष्ठरोग आहे. गोळ्यांनी रोग जाईल. पण पायातली जाणीव आता परत यायची नाही. फार उशीर केलात."

माझ्या डोळ्याला धारा लागल्या. मायाक्कानं डोळे अजून मिटलेलेच.

"टोचा की साहेब," ती म्हणाली. "मी न्हाय भ्यायची."