वीतभर सरकवलेली पाटी

गाडी कुठलीही येवो, हत्याराला हात लावण्याआधी माझ्या शेजारचा मिस्त्री हात मागं बांधून तिच्याभोवती एक फेरी मारायचा. "घाई नक्को, भाऊ. पहले देखनेका." तोवर मी माझ्या गाडीचं बॉनेट उघडून अर्धा आत शिरलेला असायचो. गारखेड्यात आमची गॅरेजं शेजारीशेजारी, मधे नुसता पत्रा. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. आवाज चढत नाही आणि गिऱ्हाईक हलत नाही. लई जळायचो मी त्याच्यावर.

कन्नडच्या एका बागायतदाराला रॅलीचा नाद होता. गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवून घेतलेली, त्यामुळं घाट चढला की तेल तापायचं. हे काम शेजारी न जाता माझ्याकडं आलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. तेल गार ठेवणारा मोठा कूलर आणला, पुढच्या जाळीमागं बसवला, पाइप असे वळवले की बघत राहावं. आता खरा उस्ताद कोण ते शहराला कळणार होतं!

बागायतदार घाटातून परत आला तो तोंड पाडूनच. "मिस्त्री, काटा लालमधीच जातोय की!"

दोन दिवस मी तेल बदललं, पंप खोलला, घाम गाळला. तिसऱ्या दिवशी पत्र्यापलीकडून तो शेजारी आपणहून आला. फेरी मारली, गाडीसमोर थांबला आणि हसला. मालकानं हौसेनं मिळवलेल्या नंबराची भलीमोठी पाटी बरोबर कूलरच्या तोंडावर होती. वारं शिरणार कुठून? आणि ती पाटी मीच, पुसूनबिसून, घट्ट आवळून लावली होती. त्यानं दोन स्क्रू काढले, पाटी वीतभर बाजूला घेतली.

पुढच्या खेपेला काटा जागचा हलला नाय. मालक खूश. त्याला हा म्हणतो, "काम सगळं यांचं. मैं सिर्फ पाटी सरकाया."

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभर त्याच्या हातचा चहा घेतला नाय मी.

मागच्या वर्षी तो गेला. घरी भेटायला गेलो तर लेकीनं पाणी आणून दिलं. म्हणाली, "अब्बा तुमारा नाम बहोत लेते थे, चाचा. बोलते थे, उनके हात की सफाई मेरे में नै." रिकामा पेला उचलत म्हणाली, "जलते थे तुमारे पे."

खोटं कशाला बोलू, आधी बरंच वाटलं. पण ज्याला तोंडावर हे सांगून चिडवायचं, तोच नव्हता. पोरीसमोर हमसून हमसून रडलो.