पाय सोडून बसायची गाडी

आमच्या घरात गाडी आली ती भांडून आली, आणि भांडण माझं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमचे हे आजही चारचौघांत "आम्ही नीट विचार करून व्हॅन घेतली" असं सांगतात. विचार कसला, डोंबल! त्यांना जीप हवी होती.

ऐंशीच्या पुढची ती वर्षं. नंदनवन नावाच्या वस्तीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझे सासरे असे राहायचो. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. मामाजी विणकर. उभा जन्म खड्ड्याच्या मागावर गेला. जमिनीत खड्डा, काठावर बूड टेकायचं, पाय खाली सोडायचे आणि दिवसभर पायांखालच्या पावड्या दाबत राहायचं. माग बंद झाला, मुलगा नोकरीला लागला, पण गुडघे गेले ते गेलेच. सपाट जमिनीवर काठी टेकत चालायचे. पाय वर उचलायचा म्हटलं की संपलं.

म्हणून त्यांची एसटी सुटली आणि एसटी सुटली म्हणून भाऊबीज सुटली. त्यांची मोठी बहीण, आमच्या आत्याबाई, उमरेडला. भाऊबीजेला भावानं बहिणीच्या दारी जायचं, बहिणीनं भावाच्या दारी यायचं नाही, ही आत्याबाईंची रीत. ती त्या मोडणार नव्हत्या. त्यांच्यासाठी मामाजींनी मागावरचं शेवटचं लुगडं विणून ठेवलं होतं. ते पेटीत पडून होतं आणि तीन दिवाळ्या तशाच निघून गेल्या. भाड्याची मोटार करू म्हटलं तर मामाजी उखडायचे, "बहिणीकडे भाड्याच्या मोटारीत? लोक म्हणतीन, म्हाताऱ्याले दवाखान्यात नेऊन राहिले!"

मी हट्ट धरून यांना व्हॅनसाठी नंबर लावायला लावला होता. तो लागायची वेळ आली आणि नेमकी तेव्हाच रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची जीप विकायला निघाली. झालं! यांच्या अंगात जीप संचारली. "जीपमधून उतरलेल्या माणसाला लोक साहेब म्हणतात," म्हणे. "ती व्हॅन म्हणजे पावाचा डबा आहे. ऑफिसात हसतील."

"हसू द्या. ऑफिसातल्यांना घेऊन उमरेडला जायचंय का?" मी म्हटलं.

"बाबांना उचलून बसवू ना. मी काय मेलो?"

मामाजी ओसरीवरून म्हणाले, "माह्यासाठी कायले भांडता गा? मी आता किती दिसाचा? तुमाले पायजे ते घ्या."

हे वाक्य ते फार म्हणायला लागले होते. मला ते अजिबात आवडायचं नाही.

एका रविवारी यांनी ती जीप दाखवायला दारात आणली. दिसायला रुबाबदार होती, खोटं कशाला बोलू. पोरं टणाटण उड्या मारून आत. मग मामाजींची पाळी. पायरी त्यांच्या गुडघ्याच्याही वर. यांनी बगलेत हात घातले, शेजाऱ्यांनी पाय धरले आणि एक-दोन-तीन करून उचललं. धोतराचा सोगा कुठेतरी अडकला, टोपी पडली. समोरच्या घरातल्या बाया फाटकाशी येऊन उभ्या. मामाजी सीटवर बसले, पण चेहरा असा झाला की मला तिथेच रडू यावं.

"उतरवा मले," ते म्हणाले. "बहिणीच्या दारात मी पोत्यावानी उतरन का?"

उतरवताना पुन्हा तेच उचलणं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी यांना स्पष्ट सांगितलं, नाकापेक्षा मोती जड झाला की नाक तुटतं. जीप घ्यायची तर खुशाल घ्या, तिच्यात मी आणि माझी मुलं बसणार नाही. आठवडाभर घरात भांडी जरा जोरातच वाजली.

शेवटी सदरला, व्हॅनच्या दुकानात, मामाजींनाही रिक्षानं नेलं. हे तोंड पाडून उभे. दुकानातल्या माणसानं व्हॅनचं बाजूचं दार सर्रकन मागे सरकवलं. मामाजींनी काठीनं गाडीचा तळ ठोकून पाहिला. मग कुणी काही म्हणायच्या आत पाठ वळवली, तळाच्या काठावर बूड टेकलं आणि पाय खाली सोडले.

"अहो आजोबा, सीटवर बसा ना," तो माणूस म्हणाला.

"थांब गा. मी बराबर बसलो."

हात मांडीवर, पाठ ताठ. पाय आपसूकच एकाआड एक दाबायला लागले. मी लग्न होऊन आले तेव्हा ते मागावर अगदी असेच बसायचे. मी यांच्याकडे पाहिलं. हे घसा खाकरत म्हणाले, "कोणत्या रंगात मिळेल?" यांचा तो नीट केलेला विचार म्हणजे हा, इतकाच!

भाऊबीजेला निघालो. काठावर बसून, वळून, मामाजी हळूहळू सरकत सीटवर गेले. कुणी हात लावला नाही. लुगडं मांडीवर. रस्ताभर ओळखीची गावं आली की पोरांना दाखवत होते.

उमरेडला आत्याबाईंच्या दारात गाडी थांबली, मी दार सरकवलं आणि समोर बघितलं. आत्याबाईंच्या घराला उंच ओटा आणि त्याला चांगल्या उभ्या पायऱ्या. गाडीची पायरी पाहिली, मामाजींना दुकानात नेऊन बसवून पाहिलं, पण बहिणीच्या घराच्या पायऱ्या कुणाच्या डोक्यातच आल्या नाहीत! वर दारात आत्याबाई उभ्या. आत पाट, रांगोळी, ताट तयार. मामाजी गाडीच्या काठावर येऊन पाय सोडून बसले आणि पायऱ्यांकडे बघत राहिले.

"ये ना गा भाऊ," आत्याबाई म्हणाल्या.

"जमत नाही वं बाई."

हे पुढे झाले तसं मामाजींनी हातानंच त्यांना थांबवलं. मला वाटलं, झालं, इथवर येऊन सगळं मुसळ केरात.

आत्याबाई आत गेल्या. मला वाटलं रुसल्या. तर माय वं, ताट हातात घेऊन त्या बाहेर आल्या आणि एकेक पायरी बूड टेकत, लहान पोरासारख्या, खाली उतरल्या. यांनी धावत जाऊन घरातला पाट आणला आणि मामाजींच्या पायांखाली ठेवला.

"तू माह्या दारात आला. रीत मोडली नाही," आत्याबाईंनी निकाल दिला आणि ओवाळलं. मग पुन्हा ओवाळलं, पुन्हा, आणि पुन्हा.

"काहून वं इतक्यांदा?"

"मागचं राह्यलं होतं ते."

मामाजींनी लुगडं त्यांच्या हातात दिलं. आत्याबाईंनी लुगड्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "सरक. मले बी बसू दे." लहानपणी बापाच्या मागाच्या काठावर दोघं असेच बसायचे म्हणे. दोघं गाडीच्या दारात पाय सोडून बसले, लुगडं मध्ये ठेवून, आणि बोलायला लागले ते थांबेचनात. फराळाची ताटंही तिथेच नेऊन दिली. मध्येच मामाजींचा आवाज ऐकू आला, "पुढच्या साली सकाळीच निघतो. ऊन चढायच्या आधी."

मी किती दिसाचा म्हणणारा माणूस हा. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

उन्हं उतरली तसे हे घड्याळ बघायला लागले. शेवटी दाराला हात घालून म्हणाले, "बाबा, निघू या? दार लावतो."

"थांब गा," आत्याबाई म्हणाल्या, "आमचे पाय अजून बाहेर हायेत."