तेरवीचं तिकीट

दादाने आयुष्यात कधी बास्केटबॉलला हात लावला नाही, तरी त्याचा स्वतःचा एक संघ होता. तो मोबाईलमध्ये होता. सकाळी कापडाचं दुकान उघडायला निघण्याआधी, चहा पिता पिता तो खेळाडूंना सरावाला लावी, सामन्याच्या तिकिटाचा दर ठरवी आणि मगच कपबशी खाली ठेवी. तो गेला तेव्हा त्याच्या स्टेडियमला दोन हजार खुर्च्या वाढवण्याचं काम अर्ध्यावर होतं.

चौथ्या दिवशी वहिनीने तो फोन माझ्यापुढे ठेवला.

"भाऊजी, तुमी लायब्ररीत होते. हे काय म्हणून राह्यलं, वाचून पाहा."

लाल अक्षरांत लिहिलं होतं की क्लबची शिल्लक शून्याखाली गेली आहे. पंधरा दिवसांत ती वर आली नाही, तर क्लब कायमचा बंद होईल. दादाने होतं नव्हतं ते खुर्च्यांत घातलं होतं.

"बंद नाई होऊ द्याचा," वहिनी म्हणाली. "दुकान मी चालवीन. हे मले नाई जमत."

मला तरी कुठे जमत होतं? पण शाळेच्या ग्रंथालयात जन्म गेलेला माणूस वाचू शकतो. मी खेळाची नियमावली छापून आणली, समासात खुणा केल्या, एक वही घातली. तिकीट दहा होतं. मी पंचवीस केलं. पुढच्या सामन्याला निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

"यायनं कधी दहाच्या वर नेलं नाई," वहिनी म्हणाली. "माणूस दुकानात आला पाहिजे म्हनत. घेते का नाई घेते, ते मागची गोष्ट."

मग मी आठ केलं. स्टेडियम भरलं आणि आलेलं सगळं खेळाडूंच्या पगारात गेलं.

तेरवीच्या दिवशीही सामना होता. अंगणात मांडव होता, मागे आचाऱ्याच्या कढया चढल्या होत्या. मी वहीचा आधार घेऊन तेरा हा आकडा काढला होता. वहिनी पदराला हात पुसत आली.

"आज किती ठेवलं?"

"तेरा."

"तेरवीच्या दिवशी लोकायजवळून पैसे घ्यान? शून्य करा."

"वहिनी, ती माणसं खरी नाहीत."

"मंग फुकट येऊ द्याले काय जाते?"

याचं उत्तर नियमावलीत नव्हतं. मी शून्य केलं.

दादाच्या पद्धतीप्रमाणे, येतील त्याच्या दुप्पट पानं जेवणाला धरली होती. ती सगळी उठली. मी मांडवाच्या खांबामागे उभा राहून फोन पाहत होतो. आंजीहून आलेल्या मामांनी विचारलं, "काय पाहून राह्यले?"

"गर्दी."

"गर्दी इकडं हाये, बुवा. वरण घेऊन या."

मुदतीआधी एकच सामना उरला होता. त्याच दिवशी दादाच्या नव्या खुर्च्या उघडल्या. पैसे आणायचे तर आता धीर करणं भाग होतं. मी तिकीट वीस केलं आणि फोन उपडा ठेवला. अर्ध्या तासाने पाहिलं, तर फुकट सामना पाहून गेलेले सगळे परत आले होते, येताना आणखी माणसं घेऊन. नवी एक खुर्चीसुद्धा रिकामी नव्हती. शिल्लक शून्याच्या वर आली, एखाद्या पायरीइतकी.

खाली दादाला उद्देशून एक निरोप होता. मी वहिनीला तो मराठीत सांगितला: "प्रिय व्यवस्थापक, प्रेक्षक तुमच्यावर अतिशय खूश आहेत."

वहिनीने तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

"जित्ते होते तवा एका गिऱ्हाइकानं असं म्हटलं नाई," ती म्हणाली. "पन्नास साड्या उलगडाले लावत आन् पानी पिऊन जात." मग फोनकडे बोट दाखवून, "उत्तर पाठवा त्यायले."

"उत्तर पाठवायची सोय नाही, वहिनी."



"मंग तिकीट दहा करा. समजते लोकायले."

मी दहा केलं. पगार गेल्यावर शिल्लक पुन्हा काठावर आली आहे. मी दुसरी वही घातली आहे.