पंचेचाळीसचा गायक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं ठाऊक आहे — चष्मा कुठं विसरतो इथपासून कुणाशी बोलताना खोटं हसतो इथपर्यंत. पण हे नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जीभ जरा सैल होते आहे. बघू, कुठवर जाते.

गोष्ट एका विलायती बँडची आहे. हसू नका. एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या वर्षांत, आमचा जिल्हा अजून अकोलाच होता तेव्हा, रिठद गावातली दोन पोरं एका इंग्रजी बँडच्या पार नादी लागली होती — आणि त्या बँडचं नाव त्या दोघांना कधीच कळलं नाही. त्यातला एक मी. दुसरा सिद्धार्थ, माझा दोस्त सिद्धू.

सिद्धूचे काका कल्याणला रेल्वेत होते. एका उन्हाळ्यात ते घरी आले तेव्हा सेलवर चालणारी रेकॉर्डची पेटी घेऊन आले. त्यांनी नवी घेतली होती, जुनी पुतण्याला दिली. स्वतःच्या मोठ्या रेकॉर्डी मात्र त्यांनी जाताना परत नेल्या. मागं राहिला एक छोटा तवा — आमच्याकडं रेकॉर्डला तवाच म्हणत — जुन्या बाजारात त्या पेटीसोबत फुकट आलेला. त्याच्या मधला कागद खरवडून गेला होता. वाचता येत होत्या दोनच गोष्टी. एक 'दि', आणि दुसरा आकडा, पंचेचाळीस.

'दि'च्या पुढचं गेलं होतं, म्हणून आम्ही बँडचं नाव ठेवलं 'दि पार्टी'. आमच्याकडं गाणारे म्हणजे पार्टीच की — भजन पार्टी, गायन पार्टी. आणि पंचेचाळीस? ते गायकाचं वय. दुसरं काय असणार?

"माह्या बाबाच्या वयाचा हाय रे," सिद्धू म्हणाला.

त्याचे बाबा आदल्या वर्षी काविळीनं गेले होते. जयंतीच्या गायन पार्टीत ते पुढचे गायक. आवाज खर्जातला, शब्द ओढत, सावकाश. तो आवाज कुठंच राहिला नव्हता. फोटोही एकच, तोही पार्टीचा, त्यात अर्धा चेहरा हार्मोनियमवाल्याच्या मागं गेलेला. आणि आम्ही सुई टेकवली तर तसाच आवाज आला — जड, थकलेला, एकेक शब्द जमिनीवरून उचलल्यासारखा. सिद्धूची आई चुलीपाशी होती. ती उठून दारापर्यंत आली, पिठाचे हात तसेच, पूर्ण गाणं उभ्यानं ऐकलं आणि आत गेली.

असे आम्ही दि पार्टीचे झालो. फॅन हा शब्द आम्हाला छताच्या पंख्यापुरताच ठाऊक होता. पण रोज शाळेतून आलो की पेटी. सेल उतरले की ते उन्हात मांडायचे, ऊन खाऊन ते दोन गाण्यांपुरते जिवंत व्हायचे. इंग्रजी शब्द कानाला लागतील तसे आम्ही वहीत उतरवले. मी म्हणायचो, त्याचं जहाज बुडालंय. सिद्धू म्हणायचा, नाही बे, तो पोराला शिकायला बाहेरगावी धाडून राह्यला. तो गायचा आणि मी तेलाच्या रिकाम्या डब्यावर ताल धरायचो. डबा माझा होता. ताल माझा होता. हे लक्षात ठेवा.

पेटीला एक खटका होता, त्यावर तीन आकडे. तो तेहतीसवर होता. "त्याले हात नका लावू, मशीन बिघडन," असं काका बजावून गेले होते. नाही लावला. मोठ्या माणसाचं ऐकायचे दिवस होते ते.

अजून एक सांगायला हवं, नाहीतर मी तुमच्याशीही लबाडी केल्यासारखं होईल. आमचं घर गावात, सिद्धूचं बौद्ध वस्तीत. मला तिकडं जायला कुणी मना केलं नव्हतं, पण मी तिथं चहा पिऊन आलो की आईचा चेहरा उतरायचा. मी रोज प्यायचो. आणि त्याचा मला केवढा तोरा होता! चहा त्यांच्या दुधाचा, साखर त्यांची — आणि उपकार मी करतोय, असं मला कुठंतरी वाटत होतं. तेव्हा हे कळलं नाही. आता कळतं.

दोन वर्षांनी आम्ही वाशिमच्या कॉलेजात लागलो, रोज एसटीनं जाऊन-येऊन. त्या पावसाळ्यात पेटीची सुई झिजली. सिद्धूला ताप होता, म्हणून मी एकटाच पेटी मांडीवर घेऊन रिसोडला गेलो. लाऊडस्पीकरवाल्यानं नवी सुई बसवली, आमचा तवा लावला, ऐकला — आणि हसायलाच लागला.

"काहून बे, पंचेचाळीसचा तवा तेहतीसवर वाजवून राह्यले का तुमी?"

पंचेचाळीस हे कुणाचं वय नव्हतंच, तव्यानं मिनिटाला घ्यायचे फेरे होते ते. त्यानं खटका सरकवला. आणि दि पार्टी उड्या मारायला लागली. आवाज पोरांचा, आमच्याएवढ्याच. टणाटण गिटार, धावता ढोल, मध्येच एक जण शीळ घालतोय. कुणाचं जहाज बुडालं नव्हतं. कुणी पोराला कुठं धाडत नव्हतं. चार पोट्टे मजा करत होते.

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दोन वर्षं ज्याच्यावर जीव टाकला तो माणूस नव्हताच. रागावावं तरी कुणावर? काकांवर? खटक्यावर? रिठद येईपर्यंत मी ठरवलं होतं की सिद्धूला सांगून टाकायचं.

तो घोंगडी पांघरून वाटच पाहत बसला होता. खटका मी रिसोडलाच परत तेहतीसवर आणला होता — का आणला होता, सांगा? सुई टेकवली. त्यानं डोळे मिटले. गाणं संपल्यावर म्हणाला, "नव्या सुईनं बाबाचा आवाज कसा साफ झाला, नाही?"

मी हो म्हणालो. हे माझं पहिलं खोटं, पण याची मला लाज नाही. इथं थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

हिवाळ्यात कॉलेजचं गॅदरिंग आलं. सिद्धूनं नाव दिलं — दि पार्टीचं गाणं म्हणणार. दोन वर्षं डबा वाजवला मी, तेव्हा स्टेजवर त्याच्या बाजूला कोण बसणार, हे काय विचारायचं होतं? आठ दिवस आधी तो म्हणाला की आमच्याकडच्याच मालेगावचा एक पोरगा तबल्यावर बसतोय.

"डबा स्टेजवर बरा नाही दिसत रे. तू समोर बस. मले तू दिसला पाह्यजे."

यातलं मला काय ऐकू आलं? डबा. पुढची दोन वाक्यं मी ऐकलीच नाहीत. दगा दिला यानं, एवढंच डोक्यात. ज्याच्या घरचा चहा मी आईचं तोंड सोसून प्यायलो, त्यानं मला डब्यासकट भिरकावलं! आठ दिवस मी त्याच्यासोबत एसटीत बसलो, त्याच्या डब्यातली चटणी खाल्ली आणि खटक्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. आता ते दया म्हणून नव्हतं. आता मी ते राखून ठेवलं होतं.

इथपर्यंत मी तुम्हाला सांगितलं ते सोपं होतं. गप्प राहिलो, हे कोणीही कबूल करील. गप्प राहण्याला माणसं समजूतदारपणाही म्हणतात.

पण मी गप्प राहिलो नाही.

सिद्धूनं पुढच्या रांगेत माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरली होती. मी तिथं बसलो नाही. मागं भिंतीशी उंच पोरांची गर्दी होती, त्यांच्या आड जाऊन उभा राहिलो. सिद्धू आला. पांढरा सदरा, बाबांचा, खांद्यात सैल. त्यानं सुरुवात केली — सावकाश, खर्जात, डोळे मिटून. आणि खरं सांगतो, सभागृह शांत झालं. इंग्रजी कुणाला येत होतं? पण लोक ऐकत होते. तो जिंकत होता.

तेव्हा मी टाळी सुरू केली.

पंचेचाळीसची टाळी. रिसोडला ऐकलेली, धावती. ताल माझा पक्का होता, दोन वर्षं त्याच्याच घरी पक्का झालेला. बाजूच्या पोरांनी लगेच उचलली, मग पूर्ण मागची बाजू. तबलेवाला गडबडला आणि टाळीमागं पळू लागला. अकोल्याच्या दोघा पोरांना ते गाणं नुसतं ऐकून ठाऊक होतं, ते खऱ्या चालीत ओरडून म्हणायला लागले. सिद्धू मध्येच अडकला — अर्धा बाबांच्या चालीत, अर्धा टाळीच्या. मग हशा पिकला. त्यानं डोळे उघडले आणि पुढच्या रांगेत पाहिलं. तिथं रुमाल होता.

तो गाणं अर्धवट सोडून उतरला.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. रिठद जवळ आलं तेव्हा विचारलं, "टाळी कोनं सुरू केली रे? आन् तू कुठं होता?"

मी काय म्हणालो असेन? अजूनही ते वाक्य मला तोंडपाठ आहे. म्हणालो, "त्याच पोट्ट्यांसंग भांडून राह्यलो होतो मांगं. तुह्यासाठी."

त्यानं माझा हात धरला. गाव येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासमोर पेटी उघडली. अकोल्याच्या पोरांनी त्याला खटक्याचं सांगितलं होतं. त्यानं खटका पंचेचाळीसवर नेला आणि गाणं शेवटपर्यंत ऐकलं, शिळेसकट. आई दारात आली नाही. त्यानं सुई उचलली. "हे तं पोट्टे हायेत," म्हणाला. "बाबा नाही रे हा." मग तवा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "ने तुले. कोनी आंधीच सांगतलं असतं तं बरं झालं असतं."

मी तवा घेतला आणि घरी आलो. त्यानंतर सिद्धू कधी गायला नाही. जयंतीलाही नाही. पार्टीतली माणसं दोन-तीन वर्षं बोलवायला येत राहिली, मग यायची थांबली.

तो पुढं शिक्षक झाला, मीही नोकरीत लागलो. आमची दोस्ती तुटली नाही — तुटली असती तर बरं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे. तो निवृत्त झाला तेव्हा गावात कार्यक्रम होता. सत्काराला उत्तर देताना त्यानं मला स्टेजवर बोलावलं. म्हणाला, "पुरं कॉलेज माह्यावर हसून राह्यलं होतं, तवा माह्यासाठी भांडणारा हा एकच होता." आणि स्वतःला मिळालेली शाल काढून त्यानं माझ्या खांद्यावर घातली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिद्धूची नातवंडं पुढच्या रांगेत होती, त्यांनी सगळ्यांत जोरात. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, माणूस लाजाळू आहे.

तवा माझ्या कपाटात आहे. शाल त्याच्यावर घडी करून ठेवलेली असते. चांगल्या लोकरीची आहे. गेल्या हिवाळ्यात थंडी जास्त होती, तेव्हा मी ती पांघरली.