बाईंनी परत केलेले पेढे

"कौतुक घरी ठेवून यायचं." वसईतल्या पापडीच्या बाई आलेल्या आईबापांना पहिलं वाक्य हेच ऐकवत, तेही मान वर न करता. ओटीवर बसून वाडीतली विड्याची पानं निवडता निवडता त्या बोलत. समोरचा बाप "आमचा तसा हुशार आहे हो" असं सुरू करायचा आणि हे वाक्य त्याच्यावर आदळायचं. पुष्कळजण दुखावत. मीही दुखावलो होतो.

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट. ज्यांच्या मुलांना वाचन-लेखन जमत नसे, असे आईबाप पार बोळिंज, मनवेलपाड्याहून रविवारी त्यांच्याकडे येत. तपासणी कुठल्या इस्पितळात होते, बोर्डाची सवलत कशी मिळते, मुख्याध्यापकांना अर्ज कसा लिहायचा, सगळं बाई सांगत. हे कशाला करता, असं मी एकदा विचारलं. "तीस वर्षांत किती पोरांना ढ म्हणून मागच्या बाकावर बसवलं, त्याची आता लाज वाटते," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा पानांना लागल्या.

आमची सई तेव्हा नववीत होती. बोलायला चुणचुणीत, विचाराल ते तोंडी सांगेल. पण पुस्तक उघडलं की गाडी अडलीच. शाळेनं स्पष्ट सांगितलं होतं, अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आणा, म्हणजे दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळेल. नाहीतर तिला बसवून आमचा निकाल बिघडवू नका. बाईंनी मुंबईच्या एका इस्पितळातली तारीख मिळवून दिली.

आता आमचा पराक्रम ऐका. ऑफिसातल्या एकाचा मुलगा तिथं तपासून आला होता. वाचायला कोणता उतारा देतात, ते मी त्याच्याकडून काढून घेतलं आणि आम्ही नवराबायकोनं महिनाभर तो सईकडून घोटून घेतला. परीक्षा म्हटली की तयारी करायची, एवढंच आम्हाला ठाऊक! सईनं तो डॉक्टरीणबाईंसमोर घडाघडा म्हटला. "छान वाचते की! प्रमाणपत्राची काही गरज नाही," त्या म्हणाल्या. आम्ही वसई स्टेशनबाहेर पेढे घेतले आणि तडक पापडी गाठली.

बाईंनी पुडा हातात घेतला. "कसले पेढे?"

"डॉक्टर म्हणाल्या, छान वाचते!" मग मी मोठ्या अभिमानानं उताऱ्याची हकिगतही सांगितली.

बाईंनी सईला केळीचे घड बघायला वाडीत पाठवलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "आणि दहावीचा पेपरही आधी आणून देणार का तिला?" पुडा माझ्या हातात परत आला.

सहा महिने फेरतपासणी नाही, असं इस्पितळातून सांगण्यात आलं. बाई स्वतः दोनदा खेपा घालून तारीख घेऊन आल्या. तोवर मला एक वही ठेवायला लावली. रोज संध्याकाळी सईला एक परिच्छेद वाचायला द्यायचा आणि जे आलं नाही ते लिहायचं. पहिल्या रविवारी मी लिहून नेलं, 'थोडी अडखळली.' बाईंनी ते खोडलं. "थोडी म्हणजे काय? शब्द लिहा. बापाच्या अक्षरात पाहिजे मला."

तुमच्यापैकी कोणावर आपल्या लेकराला काय येत नाही हे रोज लिहायची वेळ आली असेल, तर ते किती जड जातं हे त्यांना सांगायला नको. पण सई आळशी नाही, हे मला त्या वहीनंच शिकवलं. चार वर्षं मी तिला आळशी म्हणत आलो होतो.

दुसऱ्या खेपेला बाई बरोबर आल्या. दारातच त्यांनी बजावलं, "पाठ करून घेतलं होतं, हे तुम्ही सांगायचं. मी नाही." मी सांगितलं, तेही सईच्या देखत. डॉक्टरीणबाईंनी वही शेवटपर्यंत वाचली आणि दुसराच उतारा काढला. या वेळी प्रमाणपत्र मिळालं. मला रडू आवरेना. बाई म्हणाल्या, "डोळे पुसा. अजून बोर्डाचा अर्ज राहिलाय."

पुढच्या वर्षी सईसाठी लेखनिक मुलगीही त्यांनीच शोधली. परीक्षेच्या आदल्या रविवारी भेटायला गेलो तर बाई अंथरुणावर होत्या. सईला म्हणाल्या, "पेपर चालू असताना इकडे फिरकायचं नाही."

शेवटचा पेपर भूगोलाचा होता. परीक्षाकेंद्राच्या फाटकाशी बाईंचा पुतण्या उभा दिसला, चाळिशीचा गृहस्थ. टोपीखाली केस काढलेले. मी समजलो.

"काकी पहिल्या पेपरच्या दुसऱ्या दिवशीच गेली," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बजावून ठेवलेलं तिनं, शेवटचा पेपर होईपर्यंत तुमच्या घरी कळवायचं नाही म्हणून."

तेवढ्यात सई धावत बाहेर आली. आनंदात तिला त्याची टोपीही दिसली नाही आणि माझा चेहराही. "काका, बाईंना सांगा, भूगोल सोपा होता. मी संध्याकाळी येतेच!"

"सांगतो," तो म्हणाला.